अक्षर, लय आणि प्रतिमा : कन्नड शेजारातून काव्यघटकांचा विचार

१

काव्याचे मूलघटक कोणते, हा प्रश्न साहित्यशास्त्राइतकाच जुना आहे. पाठ्यपुस्तकांतून त्याचे उत्तर इतक्या वेळा देऊन झाले आहे की, तो पुन्हा उपस्थित करण्याचे प्रयोजन काय, असे कोणासही वाटावे. छंद, यमक, अलंकार, प्रतिमा, रस, आशय अशी एक यादी विद्यार्थी पाठ करतो. मग समोर आलेल्या कवितेत तो यांपैकी एकेक घटक हुडकतो आणि सर्व हाती लागले की कविता समजली असे मानतो. ही यादी चुकीची नाही. तिच्यातील उणीव एवढीच की, घटक कोणते हे ती सांगते, पण ते एकमेकांचे काय करतात हे सांगत नाही. यमक अर्थाला कोठे वळविते, लय शब्दाच्या उच्चारात कोणता बदल घडविते, प्रतिमेचे वजन बोलणाऱ्यानुसार कसे पालटते, हे प्रश्न यादीत बसत नाहीत. शब्द आणि अर्थ यांच्या ‘सहित’ असण्यात भामहाने काव्य पाहिले, तेव्हा त्याचा भर या दोन घटकांवर जेवढा होता तेवढाच त्यांच्या सहवासावर होता. ‘साहित्य’ ही संज्ञाच त्या सहवासातून सिद्ध झाली आहे.

प्रस्तुत लेखात या सहवासाचा विचार एका विशिष्ट स्थानावरून करावयाचा आहे. बंगळूर शहराच्या आग्नेय भागात, अगर तळ्यालगत, एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. होसूर आणि सर्जापूर रस्ता या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगामुळे भारताच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे येथे राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशा घरातील मुलाची भाषिक स्थिती काव्याच्या अभ्यासकाने विचारात घ्यावी अशी आहे. घरात ते मराठी ऐकते, पण मराठी कविता शाळेत त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. उलट २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण अधिनियमाने कर्नाटकातील शाळांत कन्नड शिकविणे बंधनकारक झाले असल्याने कन्नड अक्षरांची आणि कन्नड पद्यांची ओळख त्याला होते. या मुलाला मराठी काव्याचे मूलघटक समजावून द्यावयाचे झाले तर आरंभ कोठून करावा?

सर्वसाधारण उत्तर असे की, प्रथम मराठी पक्की करून घ्यावी आणि कन्नडचा संस्कार शक्य तेवढा बाजूस ठेवावा. माझे प्रतिपादन याच्या उलट आहे. कन्नडचा शेजार मराठी काव्याच्या आकलनात अडथळा ठरत नाही. किंबहुना मराठी वाचकाला स्वतःच्या भाषेत सहसा ऐकू न येणाऱ्या काही गोष्टी या शेजारामुळे ऐकू येऊ लागतात.

२

आरंभ अक्षरापासून करू. छंदःशास्त्राच्या दृष्टीने काव्याचा सर्वांत लहान घटक शब्द नसून अक्षर हा आहे, आणि अक्षर म्हणजे कागदावरील खूण नव्हे, तर स्वराच्या आधाराने होणारा एक उच्चार होय. ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वर असलेले अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. अनुस्वाराचा किंवा पुढील जोडाक्षराचा आघात ज्यावर पडतो ते अक्षरही गुरू. मराठीत येथे एक बारकावा आहे. ‘सत्य’ या शब्दात ‘स’वर आघात पडतो म्हणून तो गुरू, परंतु ‘तळ्यात’ या शब्दात ‘त’पुढे जोडाक्षर असूनही त्याच्यावर आघात पडत नाही, म्हणून तो लघूच राहतो. निर्णय डोळ्याने करावयाचा नसून कानाने करावयाचा आहे, हे या लहानशा नियमातच स्पष्ट होते.

तथापि मराठी वाचकाच्या कानापुढे एक अडचण आहे. बोलण्यातील मराठी शब्दान्तीचा ‘अ’ गाळते, आणि अनेकदा शब्दाच्या मध्यावरचाही गाळते. ‘घर’ आपण लिहितो दोन अक्षरी, पण बोलतो ‘घर्’. ‘सावली’ हा शब्द बोलताना ‘साव्‌ली’च्या जवळ जातो. ज्या वसाहतीचा वर उल्लेख केला तिचे नावच पाहावे. ‘एचएसआर’ हे लिपीत सहा अक्षरांचे, नऊ मात्रांचे नाव आहे. गणांच्या भाषेत सांगावयाचे तर आधी र-गण आणि मग ज-गण. पण ते उच्चारताना मराठी माणूस ‘एच्-एस्-आर्’ असे तीनच आघात देतो. लेखनातील सहा आणि कानातील तीन यांतील हे अंतर बोलण्याच्या व्यवहारात कोणाला जाणवत नाही; पद्यात मात्र ते जाणवलेच पाहिजे. वृत्तबद्ध कविता म्हणताना बोलण्यात गळलेला ‘अ’ परत येतो, ‘घर’ पुन्हा दोन अक्षरांचे होते आणि ‘सावली’ तीन अक्षरांची. मराठी पद्याचे म्हणणे हे अशा रीतीने भाषेच्या एका जुन्या, पूर्ण उच्चाराकडे परत जाणे असते.

जो वाचक कविता केवळ डोळ्याने वाचतो त्याच्यापर्यंत हे परतणे पोचत नाही. तो मनातल्या मनात बोलण्यातील उच्चार करतो, मात्रा कमी पडतात, चरण लंगडतो, आणि वृत्त ही जुन्या कवींची एक कृत्रिम आवड होती असा निष्कर्ष तो काढतो. वस्तुतः दोष वृत्ताचा नसून हरवलेल्या उच्चाराचा असतो.

येथे कन्नडचा शेजार उपयोगी पडतो. कन्नड शब्द प्रायः स्वरान्त असतात आणि त्यांतील शेवटचा स्वर रोजच्या बोलण्यातही पूर्ण उच्चारला जातो. मराठी माणूस ‘बंगळूर’ म्हणून थांबतो. कन्नड माणूस ‘बेंगळूरु’ असे म्हणतो आणि अखेरचा उकार गिळत नाही. कन्नड लिपीत स्वरचिन्ह नसलेल्या व्यंजनातील ‘अ’ उच्चारलाच जातो. तो नको असेल तर तशी खूण करावी लागते. ‘मर’ ही दोनच अक्षरे घ्यावी. मराठी वाचक ती ‘मर्’ अशी एका आघातात उच्चारील आणि त्याला ती एक कठोर आज्ञा वाटेल. कन्नड वाचक ‘म-र’ अशी दोन स्पष्ट अक्षरे उच्चारील आणि त्याच्या डोळ्यांपुढे झाड उभे राहील, कारण कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड. जे मूल शाळेत हा शब्द पूर्ण उच्चारावयास शिकले आहे, त्याला मराठी पद्यातील ‘घर’ दोन अक्षरांत म्हणावयास सांगितले तर ते नवल मानणार नाही. मात्रेचे ज्ञान त्याच्या कानात आधीच आहे. शिक्षकाने केवळ त्याचा उपयोग करून घ्यावयाचा असतो.

३

अक्षरांच्या आवर्तनातून लय सिद्ध होते. माधव ज्यूलियन या नावाने कविता लिहिणारे माधवराव पटवर्धन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्यप्रकारांची जी व्यवस्था लावली, ती आजही अभ्यासाचा पाया आहे. हा ग्रंथ १९२७ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९३७ साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली. त्या व्यवस्थेनुसार पद्याचे तीन मुख्य प्रकार होतात. वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो. जातीत मात्रांचे आवर्तन ठरलेले असते, लघुगुरूंचा क्रम सैल असतो. छंदात केवळ अक्षरांची संख्या महत्त्वाची. लघुगुरूंचा भेद तेथे उरत नाही, कारण म्हणताना प्रत्येक अक्षराला सारखाच काळ मिळतो. ओवी आणि अभंग हे या तिसऱ्या प्रकारातले होत.

छंदाचे हे लक्षण उदाहरणाने स्पष्ट होईल. उदाहरणासाठी पुढील दोन चरण मुद्दाम जुळविले आहेत. त्यांच्या काव्यगुणाविषयी कोणताही दावा नाही.

तळ्याकाठी उभे झाड
सावलीला पाणी आड

दोन्ही चरणांत आठ आठ अक्षरे आहेत. लहान अभंगाचा हाच साचा. मात्रा मोजल्या तर पहिल्या चरणात तेरा आणि दुसऱ्यात चौदा भरतात. म्हणजे मात्रांच्या हिशेबाने हे चरण सारखे नाहीत. पण टाळाच्या ठेक्यावर ते म्हटले तर ‘त’ला आणि ‘ळ्या’ला, ‘झा’ला आणि ‘ड’ला सारखाच काळ मिळतो, आणि एका मात्रेचा फरक पुसला जातो. लघू आणि गुरू, उच्चाराने थोर आणि उच्चाराने धाकटे, सर्व अक्षरे एका ओळीत समान होतात. या छंदाने संस्कृत वृत्तांचे शिक्षण नसलेल्या माणसाला रचना करण्याची मुभा दिली. शिंपी, कुणबी, माळी, महार, दासी यांच्या वाणीतून अभंग उमटू शकला, याचे एक कारण त्याच्या रचनेतच आहे. मोठ्या अभंगाचा सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतील यमकाचा साचाही असाच कानाने शिकता येण्याजोगा आहे.

ओवी अभंगाहूनही मोकळी. ‘ज्ञानेश्वरी’ची रचना शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये झाली. तेथील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, यमकाविना सुटलेला आहे. अक्षरसंख्या कमीअधिक होते, पण चौथ्या चरणाच्या त्या आखूडपणामुळे प्रत्येक ओवी एका थांब्यावर येते आणि विचाराला श्वास मिळतो. ग्रंथातील ही ओवी ज्या कंठातल्या ओवीतून आली, तिचा एक जुना उल्लेख मराठी ग्रंथात नसून कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात तयार झालेल्या संस्कृत ग्रंथात सापडतो, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरील ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मराठी स्त्रियांच्या उखळाशी चाललेले गाणे कन्नड प्रदेशातील राजाच्या ग्रंथात नोंदले जावे, यावरून दोन भाषांमधील काव्यव्यवहार किती निकटचा होता याची कल्पना येते.

कन्नडमधील त्रिपदी ही ओवीची अशीच एक शेजारीण आहे. बादामीच्या कप्पे अरभट्टाच्या प्राचीन शिलालेखात त्रिपदी आढळते. पुढे सर्वज्ञाने आपली सारी सूक्ते या छंदात सांगितली. आणि कर्नाटकातील स्त्रियांच्या जात्यावरच्या गाण्यांचा हाच छंद आहे. तिचे तीन चरण. पहिल्या दोन चरणांत चार चार गण आणि तिसऱ्यात तीन. एकूण अकरा गणांपैकी सहावा आणि दहावा हे आखूड ब्रह्मगण, बाकीचे विष्णुगण. हे गण अंशगण होत; म्हणजे त्यांची लांबी गाणाऱ्याच्या गळ्यात ताणली किंवा आवरली जाऊ शकते. ओवीतील आणि त्रिपदीतील साम्य एवढ्यावरून लक्षात येते की, दोहोंतही शेवटचा चरण आखूड आहे आणि दोहोंतही मोजमाप लवचिक आहे. यांपैकी कोणी कोणापासून घेतले हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. हातातील कामाचा ठेका, श्वासाची लांबी आणि एका खुंट्याभोवती फिरणारे जाते ही दोन्ही भाषांतील स्त्रियांची समान स्थिती होती. लय हा काव्याचा घटक छंदाच्या कोष्टकातून जन्मलेला नसून शरीराच्या श्रमातून जन्मलेला आहे, हे या दोन छंदांच्या शेजारातून जितके कळते तितके एकट्या ओवीवरून कळत नाही.

४

लयीनंतर यमकाचा विचार करावा. यमक हा अलंकार म्हणून शिकविला जातो. म्हणजे आधीच तयार झालेल्या अर्थावर घातलेला दागिना, असा समज होतो. वरील दोन चरणांकडे पुन्हा पाहू. गद्यात सांगावयाचे असते तर ‘तळ्याच्या काठी झाड उभे आहे आणि पाण्याने त्याची सावली धरून ठेवली आहे’ असे सांगता आले असते. त्यात पाणी हे धारण करणारे आहे. पण पहिला चरण ‘झाड’ या शब्दावर संपला आणि दुसऱ्या चरणाला त्याच्याशी जुळणारा शब्द हवा झाला, तेव्हा ‘आड’ आला. ‘आड’ येताच पाण्याची भूमिका बदलली. ते धारण करणारे न राहता मध्ये येणारे झाले. सावली आता दिसते, पण तिच्यात बसता येत नाही. गद्याच्या मनात नसलेला अर्थ यमकाने पुढे आणला. यमक अर्थावर चढविलेला दागिना असते तर हे झाले नसते. ते अर्थ शोधण्याचे एक साधन आहे, आणि सामान्य कवी व समर्थ कवी यांतील भेद पुष्कळदा एवढाच असतो की, पहिला यमकासाठी अर्थ वाकवितो आणि दुसरा यमकाने सुचविलेला अर्थ ओळखतो.

कन्नड परंपरेत प्रासाचे स्थान वेगळे आहे. तेथील अभिजात पद्यात प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षरातील व्यंजन सारखे असावे असा नियम आहे. त्याला आदिप्रास किंवा द्वितीयाक्षरप्रास म्हणतात. मराठीत चरणाच्या शेवटी जे घडते ते कन्नडमध्ये चरणाच्या आरंभी घडते. परिणामतः दोन भाषांतील श्रोत्यांची अपेक्षा वेगळी होते. मराठी श्रोता चरण संपेपर्यंत वाट पाहतो. चरणाच्या अखेरीस दार मिटल्यासारखा त्याला समाधानाचा आवाज येतो. कन्नड श्रोत्याला ओळखीचा नाद दारातच भेटतो आणि मग चरण मोकळेपणी पुढे जातो. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ या कन्नडच्या पहिल्या उपलब्ध ग्रंथात प्रासाची चर्चा आहे. कावेरीपासून गोदावरीपर्यंतच्या प्रदेशाला कन्नड प्रदेश म्हणणारा हा ग्रंथ, तेथील लोक अध्ययनावाचूनही काव्यप्रयोगात निपुण आहेत असे सांगतो. काव्याची जाण अक्षरओळखीच्या आधी कानात असू शकते, याची ही प्राचीन कबुली होय.

वरील तुलनेतून एक सैद्धांतिक मुद्दा निघतो. ‘यमक हा काव्याचा घटक आहे’ हे विधान मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांपुरते खरे आहे, पण ते पुरेसे नाही. घटक तोच असला तरी त्याचे स्थान बदलले की त्याचे कार्य बदलते. भारतीय साहित्यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांनी घटकांची समान यादी करून थांबू नये. प्रत्येक भाषेने त्या घटकाला रचनेत कोठे बसविले आहे हे पाहावे.

५

आता अर्थाकडे वळू. शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शक्ती आणि ‘ध्वन्यालोका’त आनंदवर्धनाने केलेले ध्वनीचे विवेचन हे या विषयाचे अधिष्ठान आहे. त्याची पुनरुक्ती न करता उदाहरणच पुढे चालवू. पाण्यात झाडाचे प्रतिबिंब पडते. त्याला ‘सावली’ म्हटले की वाच्यार्थ थोडा सरकतो. प्रतिबिंब दिसण्यासाठी असते, सावली बसण्यासाठी. मराठीत वडीलधाऱ्यांची सावली डोक्यावर असते, गरिबाला झाडाची सावली पुरते. तो सर्व संस्कार या शब्दाबरोबर येतो. कन्नडमधील ‘नेरळु’ हा शब्दही छाया आणि आश्रय असे दोन्ही अर्थ वाहतो. ‘आड’ या शब्दाने तो आश्रय दुरावला. म्हणून दोन चरणांत जे चित्र उभे राहिले त्याला प्रतिमा म्हणावयाचे, कारण ते चित्र एका जाणिवेचे वाहन झाले आहे. नुसते तळे आणि झाड हे दृश्य आहे. दिसणारी पण न लाभणारी सावली ही प्रतिमा आहे.

ही न लाभणारी सावली कशाची, हे चरणांत सांगितलेले नाही. पुण्याच्या एखाद्या वाचकाला ती गेलेल्या आईबापांची वाटेल. परभाषी नगरात वाढलेल्या, मराठी समजणाऱ्या पण मराठी न वाचणाऱ्या तरुणाला ती स्वतःच्या भाषेची वाटू शकेल. व्यंग्यार्थ स्वैर नसतो; ‘तळे’, ‘काठ’, ‘सावली’, ‘आड’ या शब्दांनी आखलेल्या मर्यादेतच तो हालतो. परंतु त्या मर्यादेत वाचकाच्या स्थितीला वाव असतो. कवितेचा अर्थ एकच असून तो शिक्षकाच्या टिपणात सुरक्षित आहे, ही समजूत जेथे रूढ असते तेथे व्यंजनेचा घटक शिकवूनही तो अनुभवास येत नाही.

बा. सी. मर्ढेकरांनी या प्रश्नाचा विचार दोन अंगांनी केला. काव्यातील प्रतिमेविषयी त्यांनी ‘भावनिष्ठ समतानते’चा सिद्धांत मांडला, दोन वस्तू बाह्यतः सारख्या नसल्या तरी त्या जागृत करीत असलेला भाव समान असेल तर एक दुसरीच्या जागी येऊ शकते, हे त्याचे सार. आणि सौंदर्याच्या रचनेविषयी त्यांनी संवादलय, विरोधलय आणि समतोललय ही तीन तत्त्वे सांगितली. येथे ‘लय’ हा शब्द केवळ नादापुरता राहत नाही. अर्थाअर्थांतील संबंधांनाही लय असते. आपल्या उदाहरणात ‘झाड’ आणि ‘आड’ यांच्यात नादाचा संवाद आहे, पण ‘सावली’ आणि ‘आड’ यांच्यात अर्थाचा विरोध आहे. नाद जुळतो त्याच क्षणी अर्थ तुटतो. या दोन लयींचा जो तोल साधला जातो त्यात चरणांचे असेल नसेल ते सर्व सौंदर्य आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा मर्ढेकरांचा ग्रंथ १९५५ सालचा. परंतु त्यापूर्वीच, १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये, त्यांनी ओवी-अभंगाचे जुने साचे यंत्रयुगातील महानगरी अनुभवासाठी वापरून या विरोधाची शक्ती दाखवून दिली होती. भक्तीच्या सवयीने चालणारी लय आणि श्रद्धा हरवलेला आशय हे त्यांत एकमेकांसमोर उभे राहतात.

६

कवितेत कोण बोलतो, हाही एक मूलघटक आहे आणि यादीत तो बहुधा राहून जातो. संतकाव्यात त्याचे चिन्ह नाममुद्रेच्या रूपाने उघड दिसते. मराठी संत अभंगाच्या अखेरीस आपले नाव घालतो. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम यांच्या रचनांत बोलणारी व्यक्ती शेवटी स्वतःच्या नावाने पुढे येते आणि सांगितलेल्या गोष्टीची हमी घेते. कन्नड वचनकारांची रीत निराळी आहे. बसवेश्वरांच्या वचनांत कूडलसंगमदेवाचे आणि अक्कमहादेवींच्या वचनांत चन्नमल्लिकार्जुनाचे नाव येते. म्हणजे मुद्रा कवीची नसून त्याच्या दैवताची असते. कन्नड हरिदासांनीही हीच वाट धरली. पुरंदरदासांची मुद्रा पुरंदरविठ्ठल अशी आहे, आणि हा विठ्ठल म्हणजे पंढरपूरचाच देव. एकाच देवासमोर मराठी संत ‘हे मी म्हणतो’ अशी साक्ष देतो, तर कन्नड दास आपले नाव देवाच्या नावात विरघळवितो.

हा भेद केवळ रूढीचा नाही. कवितेच्या अर्थावर त्याचा परिणाम होतो. वचनाच्या अखेरीस येणारे देवाचे नाव हे संबोधन असते. त्यामुळे संपूर्ण वचन एका ऐकणाऱ्यासमोर केलेले निवेदन होते आणि वाचक ते जणू बाजूला उभा राहून ऐकतो. अभंगाच्या अखेरीस येणारे कवीचे नाव हे विधान असते. त्यामुळे ते लोकांपुढे केलेले कथन होते आणि वाचक श्रोत्यांत बसतो. मुद्रा काढून टाकली तर शब्द, छंद आणि प्रतिमा कायम राहतील. पण वाचकाची जागा हरवेल.

वचनाच्या संदर्भात छंदमुक्तीचा प्रश्नही येतो. बाराव्या शतकात, ज्या कल्याणीत मराठी स्त्रियांच्या ओवीची नोंद झाली तेथेच, काही दशकांच्या अंतराने शरणांनी ठरावीक छंदावाचून काव्य रचले. मराठीत ‘अनिल’ तथा आत्माराम रावजी देशपांडे यांनी विसाव्या शतकात मुक्तछंदाचा पुरस्कार केला आणि ‘भग्नमूर्ती’सारखे दीर्घकाव्य त्यात लिहिले, तेव्हा ही बंधने तोडणारी अगदी नवी गोष्ट वाटली. मुक्तछंद म्हणजे छंदाचा अभाव, हा समज मात्र दोन्हीकडे चुकीचा आहे. मुक्तछंदात आवर्तन असते, पण चरण कोठे संपावा हे आधी ठरलेली अक्षरसंख्या न ठरविता अर्थाचा श्वास ठरवितो. वचनातही वाक्यांची समांतर बांधणी, एकाच रचनेची पुनरावृत्ती आणि अखेरीस देवाच्या नावावर येणारे विसावणे यांतून लय निर्माण होते. साचा सोडला तरी घटक सुटत नाही. तो दुसऱ्या घटकाच्या हाती आपले काम सोपवितो.

७

या दोन भाषांच्या शेजाराचा इतिहास बंगळूरलाच लाभलेला आहे. १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य बंगळुरास होते. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली दीर्घ प्रस्तावनेसह तो संपादित केला. या चंपूत शहाजीराजांच्या दरबारातील अनेक भाषांच्या कवींचे आणि समस्यापूर्तींचे वर्णन येते. समस्या म्हणजे दिलेला एक चरण; त्याच्या छंदात, त्याच्या नादात आणि त्याच्या अर्थाला धरून उरलेले चरण तत्काळ रचावयाचे. हा दरबारी करमणुकीचा खेळ म्हणून आज आपण दुर्लक्षितो. परंतु काव्याचे घटक कसे शिकावेत याचे ते उत्तम उदाहरण आहे. समस्या पूर्ण करणाऱ्याला छंदाचे लक्षण पाठ असून भागत नाही. दिलेल्या चरणाची लय कानात घ्यावी लागते, यमकाची दिशा ओळखावी लागते आणि अर्थ वळवावा लागतो. आणि हे सर्व एकाच क्षणी करावे लागते, कारण कवितेत ते एकाच क्षणी घडत असते.

विसाव्या शतकात या शेजाराचे सर्वांत समर्थ उदाहरण द. रा. बेंद्रे यांचे आहे. १८९६ साली धारवाडला जन्मलेल्या बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती. ते कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. लोकगीतांच्या लयीचा त्यांनी केलेला वापर कन्नड काव्यात युगप्रवर्तक मानला जातो. मराठीतही त्यांनी लेखन केले. घरची भाषा एक आणि काव्याची भाषा दुसरी असल्याने त्यांच्या काव्याची हानी झाली असे कोणी म्हणणार नाही. दोन भाषांच्या नादांत राहणाऱ्या माणसाला प्रत्येक भाषेचा नाद अधिक जाणीवपूर्वक ऐकावा लागतो, आणि ही जाणीव हीच काव्याची पहिली पूर्वअट होय.

बेंद्र्यांएवढी प्रतिभा प्रत्येकाला नसते. आणि येथे प्रश्न कवी घडविण्याचा नसून वाचक घडविण्याचा आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या पिढीपर्यंत मराठी कविता केवळ भाषांतराच्या किंवा गाण्याच्या रूपाने पोचली, तर अर्थ पोचेल आणि चाल पोचेल. परंतु नाद अर्थाला वळण देतो तो क्षण पोचणार नाही. तो पोचावयाचा असेल तर आरंभ व्याख्येने करू नये. प्रथम एखादा अभंग ठेक्यावर म्हणवून घ्यावा, गळलेली अक्षरे परत येताना ऐकू द्यावी. मग त्याच्या शेजारी एखादी कन्नड त्रिपदी ठेवावी आणि दोहोंतील आखूड चरण कोठे येतो हे विचारावे. यमक झाकून मुलालाच शब्द सुचवावयास सांगावे आणि त्याने सुचविलेल्या शब्दाने अर्थ कोठे गेला हे पाहावे. अखेरीस कोणाचे नाव आले आणि ते का आले याची चर्चा करावी. संज्ञा त्यानंतर द्याव्या. तोवर त्या ज्यांची नावे आहेत त्या गोष्टी त्याच्या ओळखीच्या झालेल्या असतील.

महाराष्ट्रातील वर्गांनाही ही पद्धती तितकीच लागू आहे. तेथील मुलाला मराठी वाचता येते, म्हणून ते मराठी ऐकते असे आपण गृहीत धरतो, आणि हे गृहीतकच तपासण्यासारखे आहे. शब्दान्तीचा ‘अ’ पुण्यातही गळतो. तो गळतो हे लक्षात आणून देणारी शेजारची भाषा मात्र तेथे नसते.